‘सारे कुशल आहे’ असे म्हणवत नाही तेव्हा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये ख्रिस्ती भक्तिगीतांविषयीची पत्रे इतकी होती, की हे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रांतला मजकूर थोडा आटोपशीर केला आहे आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या दफनविधीच्या वेळी मंडळीने ‘इट इज वेल विथ माय सोल’ हे गीत गायले. ते त्यांचे फार आवडते गीत होते आणि ते गावे अशी त्यांचीच इच्छा होती. मला मात्र त्यातली एकही ओळ म्हणता आली नाही. ‘माझ्या जिवाचे सारे कुशल आहे’ असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? या गोष्टीला आता दीड वर्ष झाले, पण अजूनही ती चाल ऐकली की मी उठून बाहेर जाते. जे मनात नाही ते ओठांनी म्हणणे हा देवापुढे खोटेपणा नाही का?

उत्तर : या गीताबरोबर त्याच्या जन्माची जी कथा सांगितली जाते, ती ऐकून दुःखी माणसाला आपल्या रडण्याचीच लाज वाटावी असे पुष्कळदा होते, म्हणून आधी त्या कथेकडे पाहू. होरेशियो स्पॅफर्ड हे शिकागोतले वकील होते. १८७१ साली त्या शहरात लागलेल्या भीषण आगीत त्यांचे मोठे आर्थिक नुकसान झाले. १८७३च्या नोव्हेंबरात त्यांची पत्नी ॲना आणि चार मुली युरोपला जाण्यासाठी निघाल्या आणि ते स्वतः कामासाठी मागे थांबले. २२ नोव्हेंबरला ‘व्हिल द्यू हाव्र’ या त्यांच्या आगबोटीची दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन ती अटलांटिक महासागरात बुडाली. २२६ माणसे दगावली आणि त्यांत त्या चारही मुली होत्या. ॲना वाचल्या, आणि त्यांनी पतीला पाठवलेल्या तारेतले ‘एकटीच वाचले’ हे शब्द पुढे फार प्रसिद्ध झाले. स्पॅफर्ड यांनी लिहिलेल्या या गीताला फिलिप ब्लिस यांनी चाल दिली आणि १८७६ साली ते छापले गेले. त्या चालीचे नावही त्या बुडालेल्या आगबोटीचेच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लिस स्वतः एका रेल्वे पुलाच्या अपघातात गेले.

व्यासपीठावरून ही कथा सांगताना पुष्कळ वक्ते शेवटी असे सुचवतात, की ज्याच्या चार मुली गेल्या तो असे गाऊ शकतो, तर तुम्हाआम्हाला कुरकुर करण्याचा काय अधिकार? कथेचा हा उपयोग मला कधीच पटलेला नाही. एकाच्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख मापता येत नाही, आणि स्पॅफर्ड यांनी ते माप म्हणून लिहिले असेल असे गीतातल्या एकाही शब्दावरून दिसत नाही.

आता गीताचे शब्दच नीट वाचा. पहिल्या कडव्यात शांती नदीसारखी वाहत येवो किंवा दुःखे समुद्राच्या लाटांसारखी उसळोत, असे दोन्ही म्हटले आहे. ज्याने मुली समुद्रात गमावल्या त्याने लाटांची उपमा टाळलेली नाही, हे लक्षात घ्यावे. त्यापुढची ओळ मला साऱ्या गीतात महत्त्वाची वाटते, आणि गाताना नेमकी तीच पटकन निसटून जाते. माझ्या वाट्याला काहीही आले तरी हे म्हणायला तू मला शिकवले आहेस, असे कवी तिथे देवाला सांगतो. मला असे वाटते आहे, असे तो म्हणत नाही. शिकवलेली गोष्ट आधी जिभेवर येते आणि मनात पुष्कळ नंतर उतरते. लहान मूल प्रार्थना पाठ करते तेव्हा हेच घडत असते. शिवाय कुशल आहे ते जिवाचे. घरातली खुर्ची रिकामी आहे, अंगातले बळ गेले आहे, रात्री झोप येत नाही, यांतल्या कशालाही कवी कुशल म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. ‘सारे कुशल आहे’ हे शब्द पवित्र शास्त्रात आधी एका आईच्या तोंडी आलेले आहेत. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शुनेम गावच्या एका बाईचा मुलगा तिच्या मांडीवर मरण पावतो. ती त्याला संदेष्टा अलीशा याच्या खोलीतल्या बिछान्यावर ठेवते, दार लावून घेते आणि अलीशाकडे निघते. वाटेत त्याचा सेवक गेहजी विचारतो, तू, तुझा नवरा, तुझा मुलगा, सारे कुशल आहात ना? ती एका शब्दात उत्तर देते, ‘शालोम’, म्हणजे कुशल आहे. पण ती तिथे थांबत नाही. पुढे जाऊन ती अलीशाचे पाय धरते, आणि तिला दूर करू पाहणाऱ्या गेहजीला संदेष्टा सांगतो, की तिला राहू दे, तिचा जीव आत कडू झालेला आहे. मग ती बोलते, आणि जे बोलते ती सरळ तक्रार आहे : मी तुमच्याकडे मुलगा मागितला होता का? मला फसवू नका असे मी म्हटले नव्हते का?

म्हणजे ‘कुशल आहे’ असे म्हणणारी ही बाई आतून कडू झालेली होती, आणि शास्त्राने तिला खोटारडी ठरवलेले नाही. सेवकाला ती एक बोलली आणि ज्याच्याकडे जायचे होते त्याच्यापाशी दुसरे बोलली. तेव्हा तुम्हाला ते गीत गाववत नसेल तर गाऊ नका. त्या वेळेपुरते ते तुमच्या वतीने मंडळी गाईल, एकत्र गाण्याचा एक अर्थ हाही आहे. वडिलांनी ते गीत निवडले होते ते त्यांच्या स्वतःच्या जिवाविषयी. तुमचा जीव कसा आहे याची साक्ष त्यांनी त्यातून मागितली होती, असे मला वाटत नाही.

प्रश्न : ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताच्या पहिल्याच ओळींत गाणारा स्वतःला अतिशय हीन शब्दाने संबोधतो. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माणसाला स्वतःविषयी असे म्हणायला लावणे मला घातक वाटते. वादळात सापडलेल्या गुलाम-व्यापाऱ्याने तत्काळ तो धंदा सोडून हे गीत लिहिले, ही माहिती खरी आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. माहितीतले वादळ खरे आहे, ‘तत्काळ’ खरे नाही. जॉन न्यूटन (१७२५–१८०७) हे मार्च १७४८मध्ये एका जहाजावर असताना भयंकर वादळात सापडले आणि तिथे त्यांनी देवाचा धावा केला. परंतु त्यानंतरही ते गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर काम करत राहिले, इतकेच नव्हे तर १७५० ते १७५४ या काळात अशा जहाजांचे कप्तान होते. १७५४मध्ये समुद्रावरचे काम सुटले तेही आजारपणामुळे. १७६४ साली त्यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली आणि इंग्लंडमधल्या ओल्नी या गावी ते पाळक म्हणून गेले. हे गीत तिथे, १ जानेवारी १७७३ रोजीच्या नववर्षाच्या उपदेशासाठी तयार झाले आणि १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात छापले गेले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध न्यूटन यांनी जाहीरपणे लिहिले ते त्याहून नऊ वर्षांनी, १७८८मध्ये. त्या पुस्तिकेत ते कबूल करतात, की आपला हा जाहीर कबुलीजबाब कितीही मनापासूनचा असला तरी, ज्या यातनांना आपण हातभार लावला त्या टाळायला किंवा भरून काढायला तो फार उशिरा येत आहे.

हा काळाचा हिशेब ठेवून गीत वाचले की ‘मी आंधळा होतो, आता मला दिसते’ या ओळीचा अर्थ बदलतो. न्यूटन यांचे डोळे एका रात्रीत उघडले नाहीत. ही ओळ लिहिली तेव्हाही त्यांना सगळे दिसू लागले होते असे म्हणता येणार नाही, आणि दिसल्यावर ते बोलून दाखवायला आणखी पंधरा वर्षे लागली. या गीताविषयीचा माझा आदर त्यामुळे कमी होत नाही; उलट चटकन पालटलेल्या खलनायकाच्या कथेपेक्षा हा मंद, अपुरा, लाजिरवाणा पालट मला अधिक ओळखीचा वाटतो.

आता त्या हीन शब्दाविषयी, म्हणजे ‘रेच’विषयी. इंग्रजीतल्या त्या शब्दाचे मूळ ‘परागंदा’, ‘हद्दपार झालेला’ अशा अर्थाचे आहे. नीच माणूस हा त्याचा एक अर्थ झाला, तसाच दीन, दुर्दैवी माणूस हाही झाला. मराठीत ‘पतित’ म्हणताना आपण केवळ शिवी देत नाही, पडलेल्याविषयीची कणवही त्यात असते. तसेच काहीसे ते आहे. काही गीतसंग्रहांनी तो शब्द बदलून तिथे ‘जीव’ अशा अर्थाचा सौम्य शब्द घातला आहे. तुमची चिंता मी क्षुल्लक मानत नाही. ज्याला लहानपणापासून घरात तू हीन आहेस हेच ऐकवले गेले, त्याच्या तोंडी हा शब्द घालताना पाळकाने विचार केलाच पाहिजे. पण न्यूटन यांना तो शब्द दुसऱ्या कोणी चिकटवला नव्हता. माणसांना साखळ्या घालून नेणाऱ्या जहाजाच्या माजी कप्तानाने स्वतःसाठी तो निवडला, आणि त्याच्या बाबतीत मला तो अतिशयोक्त वाटत नाही.

न्यूटन यांच्या त्या नववर्षाच्या उपदेशाचा आधार इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील सतराव्या अध्यायाचा होता. तिथे राजा दावीद देवापुढे बसून विचारतो, की मी कोण आणि माझे घराणे ते काय, म्हणून तू मला इथवर आणलेस? या प्रश्नात स्वतःचा तिरस्कार नाही, चकित होणे आहे. गीत गाताना तो स्वर पकडता आला तर पाहावा.

प्रश्न : माझे आजोबा एक गीत ज्या चालीवर म्हणत, ती चाल आता कोणी गात नाही. गायनवृंदाचे प्रमुख म्हणतात की नवी चालच मूळची आहे. खरी चाल कोणती?

उत्तर : तुम्ही गीताचे नाव कळवलेले नाही, म्हणून सर्वसाधारण उत्तर देतो. इंग्रजी भक्तिगीतांत शब्द आणि चाल यांचे लग्न बहुधा उशिरा लागते. ओळीतल्या अक्षरावयवांची संख्या ठरलेली असते. आठ, सहा, आठ, सहा हे माप फार रूढ आहे आणि त्या मापाचे कोणतेही गीत त्या मापाच्या कोणत्याही चालीवर बसते. चालींना स्वतंत्र नावे असतात ती त्यामुळेच. वर ज्याची चर्चा केली त्या न्यूटन यांच्या गीताला आज जगभर ओळखीची असलेली ‘न्यू ब्रिटन’ ही चाल १८३५ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी, अमेरिकेतल्या एका संग्रहात जोडली गेली. ती न्यूटन यांनी त्या शब्दांसह कधीच ऐकली नाही. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको, कारण एकच अभंग किती चालींवर म्हटला जातो हे आपण जाणतो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती आशय अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात आणला तेव्हा त्यांना या मोकळेपणाचाही लाभ झालाच असणार. तेव्हा ‘मूळची’ या शब्दावर फार अडून बसू नये. आजोबांची चाल तुम्हाला येत असेल तर ती कोणाला तरी गाऊन द्यावी, म्हणजे ती नाहीशी होणार नाही.

प्रश्न : ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे नाताळाचे गीत आहे, मग त्यात गोठा, मेंढपाळ, तारा यांपैकी काहीच कसे नाही?

उत्तर : कारण आयझॅक वॉट्स यांनी ते नाताळासाठी लिहिलेले नाही. १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहात ते ९८व्या स्तोत्राचे रूपांतर म्हणून आले. त्यातला राजा जगावर राज्य करण्यासाठी येतो, पाळण्यात निजत नाही. वर्षभरात केव्हाही गावे.

प्रश्न : ‘अबाइड विथ मी’ हे गीत माझ्या पत्नीला इतके आवडते, की ते आमच्या विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गावे असे तिचे म्हणणे आहे. मुलांना मात्र ते अंत्यविधीचे गीत वाटते आणि अशुभही. आपले मत काय?

उत्तर : मुलांची शंका निराधार नाही. हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी ते १८४७ साली, क्षयाने शरीर पोखरले असताना लिहिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. गीतातली संध्याकाळ ही आयुष्याचीही संध्याकाळ आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तरीही इंग्लंडमध्ये हे गीत १९२७ सालापासून फुटबॉलच्या एका मोठ्या अंतिम सामन्यापूर्वी हजारो प्रेक्षक गात आले आहेत, तेव्हा ते केवळ मरणाचे गीत उरलेले नाही.

मूळ प्रसंग लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातला आहे. अम्माऊस गावाकडे चाललेल्या दोन शिष्यांना वाटेत एक अनोळखी वाटसरू भेटतो. गाव येते, दिवस कललेला असतो, आणि ते त्याला आग्रह करतात, की आता वस्तीला आमच्याकडेच राहा. हा त्यांनी पाहुण्यासाठी धरलेला आग्रह आहे, अंधारात त्याने एकट्याने कुठे जायचे म्हणून. लाइट यांनी ती विनंती तशीच उचलली आणि तिची दिशा फिरवली : आता ज्याच्यावर रात्र येत आहे तो यजमान आहे, आणि पाहुण्याने राहावे ही गरज त्याची आहे. ‘राहा’ याचा अर्थ इथे भेटून जा असा नाही, मुक्काम कर असा आहे. पन्नास वर्षे एका घरात राहिलेल्या दोघांनी हा शब्द गाण्यात मला काहीही अशुभ दिसत नाही. मुलांना हवे तर त्या प्रसंगाचा शेवट सांगावा : वाटसरू आत येतो, जेवायला बसतो, भाकर मोडतो आणि तेव्हा त्यांना तो कोण हे कळते.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. ‘लीड काइंडली लाइट’ हे गीत मी महाविद्यालयात असताना ऐकले आणि पुढे आयुष्यातल्या दोन अवघड निर्णयांच्या वेळी ते मला सोबतीला होते. माझा त्यावर काही हक्क आहे का? आणि त्याच्या शेवटच्या ओळींत जे हसरे देवदूतांचे चेहरे येतात, ते कोणाचे?

उत्तर : हक्काविषयी इतकेच सांगतो, की या गीतात ख्रिस्ताचे नाव एकदाही येत नाही आणि गांधीजींना ते अतिशय प्रिय होते, नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचे गुजराती रूपांतर केले, ते गांधीजींच्या प्रार्थनांत म्हटले जाई. जॉन हेन्री न्यूमन यांनी हे गीत जून १८३३मध्ये लिहिले. सिसिलीत गंभीर तापातून उठून ते मायदेशी निघाले होते आणि वारा पडल्यामुळे त्यांचे शिडाचे जहाज बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत खोळंबले होते. वारा पडलेला, घर दूर, आणि माणूस म्हणतो, की दूरचे दृश्य मला दाखवू नकोस, एक पाऊल टाकण्यापुरता उजेड मला पुरे आहे. गीताचे एक शीर्षक ‘मेघस्तंभ’ अशा अर्थाचे आहे. निर्गमाच्या पुस्तकात रानातून जाणाऱ्या लोकांपुढे दिवसा चालणारा तो मेघस्तंभ. न्यूमन त्यानंतर बारा वर्षांनी अँग्लिकन मंडळी सोडून रोमन कॅथलिक झाले. त्या सामुद्रधुनीत त्यांना हे शेवटचे ठिकाण दिसत नव्हते, आणि ते दाखव असे त्यांनी मागितलेही नव्हते.

चेहऱ्यांविषयी : जवळजवळ अर्धशतकानंतर एका वाचकाने न्यूमन यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. आपण लिहिलेल्याचा अर्थ सांगायला कवी बांधलेला नसतो, आणि इतक्या वर्षांपूर्वीची मनःस्थिती आठवणे हेही त्याच्यावर बंधन नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी तो टाळला. तेव्हा ते चेहरे कोणाचे, हे ठरवण्यात तुमचा अधिकार माझ्याइतकाच आहे.

प्रश्न : आपल्या सदरात प्रत्येक गीतामागे वादळ, आजार किंवा मृत्यू असतो. माझे आवडते गीत ‘ग्रेट इज दाय फेथफुलनेस’ आहे आणि त्यामागे मला कोणतीही कथा सापडली नाही. माझ्या आयुष्यातही सांगण्यासारखे काही घडलेले नाही. ३१ वर्षे एकाच कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त झालो. माझी भक्ती उथळ आहे असे समजावे काय?

उत्तर : तुमचा टोला मान्य आहे. या गीतामागे खरोखरच कोणताही प्रसंग नाही. थॉमस चिझम हे प्रकृतीने फारसे भक्कम नसलेले गृहस्थ होते. काही काळ त्यांनी धर्मसेवा केली, ती तब्येतीमुळे सोडावी लागली, आणि मग विम्याचा व्यवसाय केला. १९२३ साली विल्यम रन्यन यांनी त्यांच्या या कवितेला चाल दिली. उतारवयात चिझम यांनी एका पत्रात लिहिले, की तब्येतीमुळे आपली मिळकत कधीच मोठी नव्हती, तरी देवाने आपल्याला सांभाळले याची नोंद केल्याविना राहवत नाही.

गीताचा आधार मात्र शांत नाही. विलापगीताचे पुस्तक यरुशलेमच्या विनाशानंतरचे आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात ६६ ओव्या आहेत आणि हिब्रू वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला तीन, अशी त्यांची बांधणी आहे. उद्ध्वस्त शहराविषयी बोलतानाही कवी अक्षरांची शिस्त मोडत नाही. त्यातल्या २२व्या आणि २३व्या ओवीत, भोवती सगळा विलाप चालू असताना, देवाची दया रोज सकाळी नवी होते हे वाक्य येते. जळलेल्या शहरातून उचललेले हे वाक्य एका विमा-व्यावसायिकाला आपल्या साध्या दिवसांवर लावावेसे वाटले, आणि ते तिथेही बसले.

पुढच्या वेळी गाल तेव्हा दुसऱ्या कडव्याकडे लक्ष द्यावे. देवाच्या विश्वासूपणाचे साक्षीदार म्हणून चिझम यांनी तिथे ज्यांना बोलावले आहे ते उन्हाळा, हिवाळा, वसंत आणि सुगी, आणि आपापल्या मार्गाने फिरणारे सूर्य, चंद्र, तारे. तुमच्या ३१ वर्षांप्रमाणे त्यांच्याही कामात सांगण्यासारखे काही घडत नाही.